बोलणे आणि मौन : नागपुरातील एका एकदिवसीय शिबिराचे परीक्षण

नागपुरात ख्रिस्ती साधनागृहांतून होणारी शिबिरे बहुधा प्रार्थनेवर, कुटुंबजीवनावर किंवा लग्न ठरलेल्या तरुण-तरुणींच्या तयारीवर असतात. कधी बोलावे आणि कधी गप्प राहावे, या एकाच प्रश्नाला सबंध दिवस देणारे शिबिर मी प्रथमच पाहिले. एकंदर मत आधीच सांगते. सकाळचा भाग उत्तम होता आणि दुपारचा अपुरा. मौन कसे पाळावे हे येथे ज्या जाणकारीने शिकवले जाते त्या जाणकारीने तोंड केव्हा उघडलेच पाहिजे हे शिकवले जात नाही, आणि पवित्र शास्त्राचा भर तर दोन्हींवर आहे. असे असूनही जावे, असेच मी म्हणेन. त्रुटींविषयी बरेच लिहायचे असल्यामुळे साधनागृहाचे नाव देत नाही. बायबलातील मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 18वा अध्याय, ज्याविषयी पुढे येईलच, चूक आधी करणाऱ्यालाच सांगायला सांगतो; त्याला धरून या त्रुटी आयोजकांना आधीच लेखी कळवल्या आहेत.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. शुल्क 500 रुपये असून त्यात दोन वेळचा चहा, दुपारचे जेवण आणि एक छापील पुस्तिका येते. सदर, मोहननगर, मेकोसाबाग या भागांतील मंडळी होती, काही जण वर्ध्याहून आले होते. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट शेजारी शेजारी बसले होते, हे आपल्याकडे अजूनही रोज दिसत नाही. निवेदन स्वच्छ मराठीत होते आणि प्रश्नोत्तरे नागपूरच्या रिवाजाप्रमाणे अर्धी हिंदीत घसरली. माईक खरखरत होता. खुर्च्या प्लास्टिकच्या आहेत, ज्यांना पाठीचा त्रास आहे त्यांनी उशी न्यावी.

शिबिर दोघे चालवतात, एक फादर आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे नुसते ‘बाई’ म्हणत होते. सुरुवात फादरांनी चौथ्या-पाचव्या शतकांतील इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांपासून केली. अब्बा अगाथोन यांनी गप्प राहण्याची सवय लागावी म्हणून तीन वर्षे तोंडात दगड धरला होता, ही कथा अनेकांनी ऐकलेली असते आणि ती सांगून वक्ते सहसा तिथेच थांबतात. फादर थांबले नाहीत. त्यांनी लगेच अब्बा पोयमेन यांचे म्हणणे पुढे ठेवले: एखादा माणूस वरून गप्प असतो, पण मनात सतत दुसऱ्यांना दोष देत असतो, तेव्हा तो अखंड बडबडतच असतो, आणि दुसरा एखादा सकाळपासून रात्रीपर्यंत बोलत असूनही निरुपयोगी असे काहीच बोलत नसेल, तर त्याने मौन पाळले असेच समजावे. यानंतर तासभर मौन होते. मौनापूर्वी पोयमेन ऐकवल्यामुळे त्या तासाला निराळाच अर्थ आला, कारण जीभ आवरणे ही सोपी बाजू आहे हे सर्वांना दहा मिनिटांतच कळले असावे. निदान माझ्या शेजारच्या महिलेच्या चेहऱ्यावरून, कुणाशी तरी तिचे जोरदार भांडण आतल्या आत चालू असल्याचे स्पष्ट दिसत होते.

दुपारचे जेवणही मौनातच होते. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या मठांसाठी जे नियम घालून दिले त्यांतील 38वा अध्याय जेवणाच्या वेळेविषयी आहे. एकाने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे, आणि एकमेकांना काय हवे ते बंधूंनी असे पुरवावे की कुणाला काही मागावेच लागू नये. अगदीच गरज पडली तर खूण करावी, आवाज नको. बाईंनी हा नियम वाचून दाखवला आणि पोळी, वरण-भात, आलू-वांग्याची भाजी आणि ठेचा असे ताट आले. पहिली काही मिनिटे अवघडलेली गेली. मग समोरच्या आजोबांनी पाण्याचा तांब्या शोधत मान वर केली, आणि त्यांनी खूण करण्यापूर्वीच तीन हात तांब्याकडे गेले. एका मुलाने ठेच्याची वाटी हळूच पुढे सरकवली ती थेट अशा माणसापुढे, ज्याच्या ताटात ठेचा आधीच भरपूर होता. त्याने तरीही थोडा घेतला. मौन म्हणजे स्वतःत मिटून जाणे, असे समजणाऱ्यांना हे जेवण आवर्जून द्यावे. एरवी पंगतीत वरण मागण्यासाठी जो आरडाओरडा होतो त्यात शेजाऱ्याच्या ताटाकडे कुणाचे लक्ष जात नाही; इथे दुसरे काही करण्यासारखेच नसल्यामुळे ते गेले.

सर्वांत चांगले सत्र मात्र जेवणाआधीचे, ईयोबावरचे, म्हणजे बायबलातील त्या नीतिमान माणसावरचे ज्याची मुले व संपत्ती गेली, अंगभर फोड आले आणि जो राखेत बसला. उपदेशक या बायबलातील पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातील मौन धरण्याचा समय व बोलण्याचा समय, हे वचन भिंतींवर टांगलेले पुष्कळांनी पाहिलेले असते. बाईंनी त्याच वचनाच्या पहिल्या अर्ध्याकडे लक्ष वेधले, जिथे फाडण्याचा आणि शिवण्याचा समय येतो. फाडणे म्हणजे शोकात अंगावरचे वस्त्र फाडणे. तेव्हा तिथले मौन हे आधी शोकाचे मौन आहे, चातुर्याचे किंवा सभ्यतेचे नव्हे. तेथून त्या सरळ ईयोबाकडे गेल्या. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र त्याला भेटायला आले, दुरून तो ओळखूही आला नाही, तेव्हा त्यांनी आपली वस्त्रे फाडली, आणि मग सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कुणी एक शब्द बोलले नाही, कारण त्याचे दुःख फार मोठे आहे हे त्यांना दिसत होते. आठवडाभर त्यांचे सारे बरोबर चालले होते. पुढे ते बोलू लागले आणि बिघडले.

यावर बाईंनी जो अर्धा तास घेतला तो या शिबिराचे शुल्क वसूल करून देतो. मयतीच्या घरी जाऊन आपण काय बोलतो, याची यादी त्यांनी लोकांकडूनच करून घेतली. देवाची इच्छा होती. देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात. रडू नका, तुम्ही रडलात तर मुलांनी काय करायचे. कोणत्या दवाखान्यात नेले होते, तिथे नेलेच काहून? शेवटचे वाक्य आले तेव्हा सभागृहात हसू उमटले आणि लगेच विरले, कारण ते वाक्य प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेले असते, बहुतेकांनी म्हटलेलेही असते. त्यातले प्रत्येक वाक्य कुणाच्या सोयीसाठी बोलले जाते, असे बाईंनी विचारले, आणि उत्तराची वाट पाहिली. शोकाच्या घरातली शांतता पाहुण्याला सहन होत नाही, म्हणून तो ती स्वतःच्या सुटकेसाठी मोडतो, हे उत्तर मागच्या रांगेतून आले. ज्यांना सांत्वनाच्या प्रार्थनेसाठी वारंवार जावे लागते अशा पाळकांनी आणि वडीलजनांनी एवढ्या एका सत्रासाठी तरी यावे.

पण इथेच पहिली उणीवही राहिली. मित्रांचे मौन सांगून झाल्यावर ईयोबाच्या बोलण्याविषयी एक अक्षर निघाले नाही. ईयोब गप्प बसलेला नाही. मी आपले तोंड आवरणार नाही, आत्म्याच्या क्लेशात बोलणार, असे तो सातव्या अध्यायात उघड म्हणतो. आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला जाब विचारतो. आणि शेवटच्या अध्यायात देव कुणावर रागावतो, तर देवाची बाजू घेऊन सुबक व्याख्याने देणाऱ्या मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत, असे तो अलीफजला सुनावतो. म्हणजे या ग्रंथात गप्प राहण्याची अपेक्षा भेटायला आलेल्या धडधाकट माणसाकडून आहे, राखेत बसलेल्याकडून नाही. हा फरक सांगितला असता तर दुपारची पुष्कळशी गडबड टळली असती.

जेवणानंतर एका तरुणीने थेट प्रश्न टाकला की स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे, हे प्रेषित पौलाचे म्हणणे या शिबिरात कुठे बसते? फादरांनी प्रश्न टाळला नाही, याबद्दल त्यांचे कौतुक. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 14व्या अध्यायात गप्प राहण्याची सूचना तिघांना आहे, हे त्यांनी दाखवून दिले. अन्य भाषेत बोलणाऱ्याने, अर्थ सांगणारा कुणी नसेल तर, गप्प राहावे. संदेश देणाऱ्याने, शेजारी बसलेल्या दुसऱ्याला काही प्रकट झाले तर, गप्प राहावे. आणि तिसरी सूचना स्त्रियांना. पहिल्या दोन सूचना आपल्या मंडळ्यांत कुणी कधी पाळून घेतल्या आहेत का, असे विचारून त्यांनी त्याच पत्राच्या 11व्या अध्यायाकडे नेले, जिथे स्त्रिया प्रार्थना करतात व संदेश देतात हे पौलाने गृहीतच धरले आहे. यातून वाद मिटला नाही, मिटण्यासारखा तो नाहीही, पण प्रश्न विचारणारीला गप्प केले गेले नाही आणि त्या विषयावरच्या शिबिरात हे महत्त्वाचे होते.

दुपारच्या सत्राचा आरंभ नीतिसूत्रे या बायबलातील पुस्तकाच्या 26व्या अध्यायातील त्या दोन ओळींनी झाला ज्या एकमेकींच्या विरुद्ध उभ्या आहेत: चौथी म्हणते की मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, नाहीतर तूही त्याच्यासारखा होशील, पाचवी म्हणते की दे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल. मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतात तशा तीन संदेशांच्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या आणि कुठे चौथी ओळ लागू पडते, कुठे पाचवी, हे गटांत ठरवायचे होते. दुसऱ्या पंथाची टिंगल करणाऱ्या संदेशाला बहुतेकांनी उत्तर न देणेच पसंत केले. प्रार्थनेने साखर बरी होते, इन्शुलिन बंद करा, असे सांगणाऱ्या संदेशावर मात्र एका गटाने वाद नको म्हणून गप्प राहण्याचे ठरवले, तेव्हा बाईंनी विचारले की ग्रुपवर तो संदेश आणखी कोण कोण वाचत आहे? पाठवणाऱ्याला पटवणे कदाचित शक्य नसेल. वाचणाऱ्यांत एखादी मधुमेही मावशी असेल, तर उत्तर तिच्यासाठी द्यायचे असते. गटाने निर्णय बदलला. सराव छोटा होता, पण नेमका.

त्यानंतर पुस्तिकेतील ‘तीन पायऱ्या’ आल्या आणि तोल गेला. मत्तय 18:15 पासूनची रीत सर्वांना ठाऊक आहे: भावाने अपराध केला तर आधी त्याच्याशी एकांतात बोल, ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर ने, तरीही नाही तर मंडळीला सांग. बरोबरीच्या दोन माणसांत बिनसले तर याहून शहाणी रीत मला माहीत नाही, आणि आमच्या मंडळ्यांतली निम्मी भांडणे पहिली पायरी गाळून थेट तिसरीवर उडी मारल्यामुळे वाढतात, हेही खरे. पण पुस्तिकेने ती सरसकट प्रत्येक प्रसंगाला लावली आहे. एका शिक्षिकेने विचारले की एखाद्या मुलाने कुणा मोठ्या माणसाच्या नको त्या स्पर्शाबद्दल सांगितले, तर आधी त्या माणसाशी एकांतात बोलायचे का? उत्तर मिळाले की प्रार्थनापूर्वक विचार करावा, घाईने कुणाचे नाव खराब करू नये. हे उत्तर केवळ अपुरे नाही, धोक्याचे आहे. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा 2012चा कायदा, ज्याला सर्रास पॉक्सो म्हणतात, त्याच्या कलम 19 नुसार असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले त्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम 21 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. 1098 हा बालकांसाठीचा मदत क्रमांक पुस्तिकेच्या मागच्या पानावर छापायला जागा होती.

कायदा बाजूला ठेवला तरी शास्त्र काय म्हणते? ज्या अध्यायातून या तीन पायऱ्या घेतल्या त्याच अध्यायात, नऊ ओळी आधी, लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणे बरे, असे येशू म्हणतो. इतके कडक शब्द काढून लगेच पुढे त्या लहानाला एकांतातील समेटाची वाट दाखवायची, असा त्या अध्यायाचा रोख असूच शकत नाही. शिवाय अंत्युखिया शहरात प्रेषित पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर, जेवण्याचे टाळू लागला तेव्हा पौलाने त्याला एकांतात गाठले नाही, सर्वांसमक्ष सुनावले, असे गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो स्वतःच सांगतो. चूक उघड होती आणि तिच्यामागे इतर जण ओढले जात होते.

कॅथलिक श्रोत्यांपैकी एकाने पापनिवेदनातील, म्हणजे धर्मगुरूपुढे पापे कबूल करण्याच्या संस्कारातील, गुप्ततेचा मुद्दा काढला. पापनिवेदनात ऐकलेले कोणत्याही कारणाने उघड करायला धर्मगुरूला पूर्ण मनाई आहे, हे फादरांनी बरोबर सांगितले. ती मनाई त्या संस्कारापुरतीच आहे, कार्यालयात, वसतिगृहात किंवा संडे स्कूलमध्ये कळलेल्या गोष्टींना ती लागू नाही, आणि मे 2019 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा तक्रारी चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवणे धर्मगुरूंना व धर्मभगिनींना बंधनकारक केले, हेही त्याच दमात सांगायला हवे होते. ऐकणाऱ्यांपैकी काही जण वसतिगृहे चालवणारे होते.

पुस्तिकेत येशूच्या मौनावर एक पान आहे. येशूवर खटला चालला तेव्हा हेरोद राजाने पुष्कळ प्रश्न विचारले, येशूने काही उत्तर दिले नाही. रोमी सुभेदार पिलातापुढे त्याने इतके मौन धरले की त्या सुभेदाराला फार आश्चर्य वाटले. हे सारे बरोबर आहे, पण योहानाचा 18वा अध्याय गाळला आहे. प्रमुख याजकापुढे एका शिपायाने चपराक मारली तेव्हा येशू गप्प राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरे बोललो असेन तर मला का मारतोस, असे त्याने विचारले. खोट्या साक्षीदारांपुढे तो गप्प होता, आणि तू ख्रिस्त आहेस काय, असे विचारल्यावर त्याने स्पष्ट उत्तर दिले. तमाशा पाहायला बसलेल्या हेरोदाला मौन आणि हात उगारणाऱ्या शिपायाला प्रश्न, हा फरक शिबिराच्या विषयाचा गाभा आहे, आणि तो पुस्तिकेत नाही. यहूद्यांच्या कत्तलीचा हुकूम निघाला तेव्हा एस्तेर राणीला तिला वाढवणाऱ्या मर्दखयाने दिलेला निर्वाणीचा निरोप, की तू या समयी गप्प राहिलीस तर यहूद्यांची सुटका दुसरीकडून होईल पण तू व तुझ्या बापाचे घराणे नाश पावेल, याला पाच मिनिटे मिळाली. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला मेंढराची गोष्ट सांगून त्याच्या पापावरून कसे गाठले, याला तेवढीही मिळाली नाहीत.

आणखी एक खटकलेली गोष्ट. दुष्टतेपुढे गप्प राहणे हीच दुष्टता, अशा आशयाचे एक वाक्य पुस्तिकेत डीट्रिख बोनहोफर यांच्या नावावर ठळक छापले आहे. नाझी राजवटीला विरोध केल्याबद्दल 9 एप्रिल 1945 रोजी फाशी गेलेल्या या जर्मन पाळकाच्या नावावर ते जगभर फिरते, पण त्यांच्या लेखनात ते सापडत नाही. सत्य बोलण्यावरच्या पुस्तिकेत एवढी खातरजमा व्हायला हवी होती.

नीतिसूत्रांचा 31वा अध्याय पुस्तिकेत आहे, मात्र दहाव्या ओळीपासून, सद्गुणी स्त्रीच्या वर्णनापासून. आपल्या मंडळ्यांत मातृदिनाला नेमके तेवढेच वाचले जाते. त्याच्या आधीच्या दोन ओळींत एक आई आपल्या राजा असलेल्या मुलाला सांगते की ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी आपले तोंड उघड, दीनदुबळ्यांचा न्याय कर. मराठीत या विचाराला एक थोर जोड आहे. डॉ. आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ सुरू केले तेव्हा शीर्षस्थानी तुकोबांचा अभंग छापला: ‘काय करूं आतां धरूनियां भीड । निःशंक हें तोंड वाजविलें ॥’ दीक्षाभूमीच्या गावात, ज्यांची आजी-आजोबांची पिढी कधी ना कधी गावकुसाबाहेर राहिली अशी पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे असताना, भीड धरण्यावर दिवसभर बोलायचे आणि भीड सोडण्यावर असे काहीच सांगायचे नाही, हे मला विचित्र वाटले.

तरीही शिफारस करते, ती अशा माणसांसाठी ज्यांना बोलण्याची सवय आहे आणि ज्यांचे ऐकले जाते: पाळक, शिक्षक, समितीचे सदस्य, घरातली वडीलधारी माणसे, ग्रुपचे अॅडमिन. त्यांना सकाळचे मौन, ते जेवण आणि ईयोबाचे सत्र फार उपयोगी पडेल. जे आधीच घरात किंवा कामाच्या ठिकाणी दबून आहेत त्यांना हे शिबिर सध्याच्या स्वरूपात मी सुचवणार नाही. त्यांना इथून आणखी गप्प राहण्याचे समर्थनच मिळेल. आयोजकांनी दुपारचे सत्र पुन्हा बांधण्याचे कबूल केले आहे. नाव आधी नोंदवावे लागते, जागा लवकर भरतात. पुस्तिका सुटी 40 रुपयांना मिळते, पण केवळ तिच्यासाठी खर्च करू नये, कारण ईयोबाविषयी बाईंनी जे सांगितले ते तीत छापलेलेच नाही.